रग्बी विश्वचषकाचा विक्रम १५ ट्रायचा नाही, निदान २० चा आहे

प्रति,
मराठी वृत्तपत्रांचे क्रीडा संपादक, क्रीडा वाहिन्यांवरचे समालोचक आणि स्पर्धा परीक्षांसाठी सामान्यज्ञानाची पुस्तके तयार करणारे लेखक-प्रकाशक यांस,

स. न. वि. वि.

रग्बी विश्वचषकात सर्वाधिक ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे म्हणजे ट्राय) कुणाचे, या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर बातम्यांत, पडद्यावरच्या पट्टीत आणि उत्तरसूचीत वर्षानुवर्षे फिरते आहे: न्यूझीलंडचा जोनाह लोमू आणि दक्षिण आफ्रिकेचा ब्रायन हबाना, प्रत्येकी १५. हे उत्तर चूक आहे. न्यूझीलंडची विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारी खेळाडू, पोर्शिया वुडमन हिने २०१७ आणि २०२२ साली झालेल्या दोनच विश्वचषकांत मिळून २० ट्राय नोंदवले. पंधरा आणि वीस यांत मोठा आकडा कोणता, यावर वाद व्हायचे कारण नाही. तरीही वीसवाली व्यक्ती तुमच्या यादीत नाही, आणि ती बाई आहे म्हणून नाही. हे मुकाट्याने सोसणे मला जमत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या नावे आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या मुली रग्बी खेळतात. बहुतेकींनी आधी कबड्डी खेळलेली असते, त्यामुळे अंगावर येणाऱ्याला पकडायची भीती त्यांच्यात मुळातच नसते. शिकवावे लागते ते फक्त चेंडू मागे पास करायचे. गेल्या पावसाळ्यात एका सामान्यज्ञान स्पर्धेत वरचाच प्रश्न आला. आमच्या नववीतल्या मुलीने उत्तर लिहिले, ‘पोर्शिया वुडमन, २०’. तिचा गुण कापला गेला. मी आकडेवारीचे कागद घेऊन परीक्षकांकडे गेले. ते सभ्यपणे बोलले. समोरचे पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, पुस्तकात असं आहे. आणि प्रश्न विश्वचषकाचा आहे, महिला विश्वचषकाचा नाही.” त्या गृहस्थांवर माझा राग नाही. पुस्तकात जे छापले आहे तेच त्यांनी धरले. राग आहे तो त्या ओळीवर. ती ओळ त्यांनी लिहिलेली नाही, तुमच्यापैकी कुणीतरी लिहिली आहे.

आता त्यांच्या मुद्द्याकडे येते, कारण तुमच्यापैकी अनेकजण तोच मांडतील. जागतिक रग्बी संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केले होते की, यापुढे विश्वचषकाच्या नावात पुरुष किंवा महिला असा उल्लेख नसेल. त्यानुसार न्यूझीलंडमध्ये झालेल्या स्पर्धेचे अधिकृत नाव होते ‘रग्बी विश्वचषक २०२१’. करोनामुळे ती एक वर्ष पुढे ढकलली गेली आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खेळली गेली. नाव मात्र तेच राहिले. पुढे २०२५ च्या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या नावात ‘महिला’ पुन्हा आले, ते वेगळे. पण वुडमनने ज्या स्पर्धेत हा विक्रम आपल्या नावावर केला, त्या स्पर्धेचे नाव ‘रग्बी विश्वचषक’ एवढेच होते. म्हणजे प्रश्नपत्रिकेची भाषा काटेकोरपणे धरली, तरी आमच्या मुलीचेच उत्तर बरोबर ठरते.

ही वुडमन कोण, हे मी थोडे सविस्तर सांगणार आहे, कारण तिच्याबद्दल मराठीत वाचायला मिळत नाही ही माझी दुसरी तक्रार आहे. लोमूवर मराठीत निदान मृत्युलेख तरी आले. हिच्यावर काय आले?

तिचा जन्म १२ जुलै १९९१ चा. न्यूझीलंडच्या अगदी उत्तरेकडच्या नॉर्थलंड भागातले कायकोहे हे तिचे गाव. घर माओरी आणि रग्बीचे. वडील कवेना वुडमन आणि काका फ्रेड वुडमन, दोघेही ‘ऑल ब्लॅक्स’कडून, म्हणजे न्यूझीलंडच्या पुरुष रग्बी संघाकडून खेळलेले. अशा घरातला मुलगा असता तर त्याच्या हातात पाळण्यातच चेंडू आला असता. पोर्शिया मात्र मोठी झाली ती नेटबॉल खेळत, आणि त्या खेळातही तिने वरची पातळी गाठली. ऑकलंडच्या ‘नॉर्दर्न मिस्टिक्स’ संघात ती होती. नेटबॉलमध्ये चेंडू हातात आला की पळता येत नाही. तीन सेकंदांत तो दुसरीकडे द्यावाच लागतो. पुढे चेंडू घेऊन पळण्याच्या विक्रमासाठी जी ओळखली गेली, ती मुलगी अशा खेळातून आली.

रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स रग्बीचा समावेश होणार हे ठरल्यावर न्यूझीलंडने २०१२ मध्ये देशभर मुलींचा शोध घेतला. कुठल्याही खेळातल्या मुली या, पळून दाखवा, असे आवाहन होते. त्यातून आलेल्यांपैकी ती एक. सेव्हन्समध्ये प्रत्येक बाजूला सात खेळाडू आणि मैदान मात्र पंधरा जणांच्याच खेळाचे, त्यामुळे मोकळी जागा भरपूर. ती तिथे अशी रुळली की २०१५ मध्ये जगातली सर्वोत्तम महिला सेव्हन्स खेळाडू ठरली. जागतिक सेव्हन्स मालिकेत दोनशे ट्राय करणारी पहिली महिलाही तीच.

रिओचा अंतिम सामना मी मुलींना मुद्दाम दाखवते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध, पहिला अर्ध संपत आलेला असताना, वुडमनने पास अडवायला हात घातला आणि चेंडू पुढे पडला. पंचांनी ते जाणूनबुजून केले असे ठरवले आणि पिवळे कार्ड दाखवले. सेव्हन्समध्ये दोन मिनिटे बाहेर बसणे म्हणजे फार मोठी शिक्षा. सहा जणींवर ऑस्ट्रेलियाने ट्राय केला. शेवटच्या क्षणी वुडमनने एक ट्राय परत केला, पण तोवर सामना गेला होता. २४-१७. ती मैदानावर रडली. पुढे टोकियोत न्यूझीलंडने फ्रान्सला २६-१२ असे हरवून सुवर्ण घेतले आणि पॅरिसमध्ये कॅनडाला १९-१२ असे हरवून ते राखले. दोन्ही संघांत ती होती. मधल्या काळात, २०१८ मध्ये, तिच्या घोट्यामागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. विंगरच्या कारकिर्दीत याहून वाईट दुखापत क्वचितच असते, कारण तिची सगळी पुंजी पहिल्या चार पावलांच्या वेगात असते. ती परत आली आणि २०२२ मध्ये त्याच पायांवर विक्रम केला.

आता त्या वीस ट्रायबद्दल. २०१७ चा विश्वचषक आयर्लंडमध्ये झाला. वुडमनचे १३ ट्राय झाले, त्यांपैकी चार उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध. बेलफास्टच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने इंग्लंडला ४१-३२ असे हरवले. त्या वर्षी पंधरा जणींच्या खेळातली जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही तिचीच निवड झाली. सात आणि पंधरा, दोन्ही प्रकारांत हा मान मिळवणे किती दुर्मीळ आहे, हे एखाद्या कसोटीपटूला टी-ट्वेंटीतही जगात पहिले स्थान मिळाले तर तुम्ही किती रकाने दिले असते, यावरून ताडून पाहा. मग २०२२. वेल्सविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना फांगारेईला झाला, म्हणजे तिच्या नॉर्थलंडमध्येच. तिथे, आपल्या माणसांसमोर, तिने इंग्लंडच्या स्यू डे हिचा १९ ट्रायचा विक्रम मागे टाकला. बारा नोव्हेंबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर अंतिम सामना झाला. बेचाळीस हजारांहून जास्त प्रेक्षक होते. अठराव्या मिनिटाच्या सुमारास इंग्लंडच्या विंगरची धडक तिच्या डोक्याला बसली. त्या खेळाडूला लाल कार्ड मिळाले आणि वुडमनलाही बाहेर जावे लागले. उरलेला सामना तिला बाहेरून बघावा लागला. न्यूझीलंड ३४-३१ असे जिंकले.

यातले किती तुमच्या क्रीडापानावर आले होते, हे तुमच्या जुन्या अंकांत तुम्हीच पाहा.

लोमूला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही, हे इथेच स्पष्ट करते. लोमू पाहून मी रग्बीकडे वळले. १८ जून १९९५ रोजी केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर, उपांत्य सामन्यात, विशीत नुकत्याच आलेल्या त्या टोंगन वंशाच्या मुलाने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले. इंग्लंडचा माइक कॅट त्याला अडवायला वाकून आला आणि लोमू त्याच्या अंगावरून सरळ पलीकडे गेला. ते दृश्य आजही कुणी विसरलेले नाही. त्या स्पर्धेत त्याचे सात ट्राय झाले, १९९९ मध्ये आठ. हे सगळे तो मूत्रपिंडाच्या आजाराशी झगडत करत होता. पुढे डायलिसिस आले, २००४ मध्ये प्रत्यारोपण झाले, त्यानंतर तो पुन्हा मैदानात उतरला. १८ नोव्हेंबर २०१५ ला तो गेला, तेव्हा अवघा चाळीस वर्षांचा होता. हबानाने २००७ मध्ये आठ ट्राय करून दक्षिण आफ्रिकेला चषक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला आणि २०१५ मध्ये लोमूच्या १५ शी बरोबरी केली. पुरुषांच्या विश्वचषकात हे दोघे सर्वोच्च आहेत. त्यांचा विक्रम खरा आहे, मोठा आहे, आणि ‘पुरुष’ हा एक शब्द जोडल्याने त्याची एक रेघही कमी होत नाही.

“पण महिलांचे सामने एकतर्फी होतात,” असे मला एका अनुभवी पत्रकाराने ऐकवले. उदाहरण दिले ते २०१७ च्या हाँगकाँगविरुद्धच्या सामन्याचे. न्यूझीलंड १२१, हाँगकाँग शून्य, आणि एकट्या वुडमनचे आठ ट्राय. आक्षेप खोटा नाही. हाँगकाँगचा तो पहिलाच विश्वचषक होता. पण मग सगळ्यांना एकच माप लावा. १९९५ मध्ये न्यूझीलंडच्या पुरुषांनी जपानला १४५-१७ असे हरवले आणि त्या सामन्यात मार्क एलिसने सहा ट्राय केले. ते कुणी यादीतून वगळले का? हबानाच्या पंधरांपैकी तीन अमेरिकेविरुद्धच्या ६४-० अशा सामन्यातले आहेत आणि चार सामोआविरुद्धच्या ५९-७ अशा सामन्यातले. ते त्याच्याकडून काढून घ्यावेत असे मी म्हणणार नाही. प्रतिस्पर्धी कोण होता हे विक्रमाच्या यादीत कधीच बघितले जात नाही, ते फक्त बाईचे नाव आले की बघितले जाते. आणि मोजायचेच असेल तर हेही मोजा की २०१७ च्या महिला स्पर्धेत विजेत्या संघालाही पाचच सामने मिळाले, तर २००७ आणि २०१५ च्या पुरुषांच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला सात मिळत.

यादीतून वगळले जाण्याचा इतिहास या खेळात जुना आहे. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला, तो बायकांनी स्वतः उभा केला. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची त्याला मान्यता नव्हती. १९९४ ची स्पर्धाही मान्यतेविनाच स्कॉटलंडच्या खेळाडूंनी घाईघाईने जुळवून आणली. त्या वेळी न्यूझीलंडच्या बायकांचा संघ गेलाच नाही, कारण त्यांच्या संघटनेने पाठिंबा दिला नाही. अधिकृत मान्यतेची पहिली स्पर्धा १९९८ ची, ॲमस्टरडॅमची. आधीच्या दोन्ही स्पर्धा आणि त्यांतले विजेते अधिकृत धरले जायला २००९ साल उजाडले. जगाच्या संघटनेने उशिरा का होईना, आपली यादी दुरुस्त केली. तुम्ही अजून केलेली नाही.

आणि हे केवळ रग्बीपुरते असते तर मी खेळ लहान आहे, माहिती कमी आहे, असे म्हणून गप्प राहिले असते. एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक कुणाचे? तुमच्या पुस्तकात उत्तर आहे सचिन तेंडुलकर, २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर. सचिनवर माझे तुमच्याइतकेच प्रेम आहे. पण पहिले द्विशतक १६ डिसेंबर १९९७ ला झाले होते. ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क, डेन्मार्कविरुद्ध, नाबाद २२९. आणि ते झाले कुठे? मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. महाराष्ट्राच्या राजधानीत, विश्वचषकाच्या सामन्यात, जगातले पहिले एकदिवसीय द्विशतक झाले आणि मराठी मुलांना ते कुणी सांगितले नाही. त्या मैदानाशेजारून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? फुटबॉलमध्येही तेच. विश्वचषकात सर्वाधिक गोल म्हणून मिरोस्लाव क्लोजाचे १६ पाठ करून घेतले गेले, ब्राझीलच्या मार्ताचे १७ असताना.

यावर “वाचकांना रस नसतो” हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकले आहे. लंडनच्या ट्विकनहॅमवर २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना ऐंशी हजारांहून जास्त लोकांनी मैदानात बसून पाहिला. आपल्याकडे म्हणाल तर शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत रग्बी आहे. कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या मुली जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे ओलांडत खेळतात. पुण्याची डॉ. वाहबिझ भरुचा भारताच्या महिला संघाची कर्णधार होती. २०१८ मध्ये भारताच्या मुली पंधरा जणींच्या खेळात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय मैदानात उतरल्या आणि २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून त्यांनी आपला पहिला विजय मिळवला. दोन गुणांनी. हा सामना अटीतटीचा होता, एकतर्फी नव्हता. ही बातमी आमच्या शाळेत मी फळ्यावर लिहिली, कारण आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात ती नव्हती.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. त्यामुळे आमच्या मुली खेळतात आणि त्याच मुली पोलीस भरतीची, एमपीएससीची पुस्तकेही वाचतात. सकाळी मैदानावर ज्या खेळाडूचे नाव मी त्यांना सांगते, ते संध्याकाळी पुस्तकात सापडत नाही. एका गुणाने भरती हुकते हे तुम्हाला मी सांगायला नको. चुकीचे उत्तर पाठ करून गुण मिळवायचा की बरोबर उत्तर लिहून तो गमवायचा, असा पेच पंधरा वर्षांच्या मुलीपुढे कुणी टाकू नये.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

जिथे विक्रम फक्त पुरुषांचा आहे तिथे ‘पुरुष’ असे लिहा आणि बोला. बायकांच्या विक्रमापुढे ‘महिला’ लिहायला तुम्ही कधी विसरत नाही, तोच नियम दोन्हीकडे लावा. नुसते ‘विश्वचषकातील सर्वाधिक’ म्हणायचे असेल, तर जिचा किंवा ज्याचा आकडा सर्वांत मोठा आहे तेच नाव द्या.

पुस्तके काढणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत रग्बीचा विश्वचषक, एकदिवसीय क्रिकेटचे पहिले द्विशतक आणि फुटबॉल विश्वचषकातले गोल, या तिन्ही नोंदी दुरुस्त कराव्यात. जी आवृत्ती बाजारात आहे तिच्यासाठी शुद्धिपत्र काढावे. एका पानाचे काम आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी प्रश्नातच पुरुष की महिला हे स्पष्ट करावे. तसे नसेल, तर वुडमनचे उत्तर लिहिणाऱ्याचा गुण कापू नये.

समालोचकांनी आणि वाहिन्यांनी पडद्यावर येणाऱ्या आकड्यांच्या पट्ट्या तपासून घ्याव्यात. २०२७ चा पुरुषांचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात होणार आहे. तिथे कुणी सोळावा ट्राय केला की ‘विश्वचषकाचा नवा विक्रम’ अशी घोषणा होईल. ती होण्याआधी दुरुस्ती व्हावी, एवढा वेळ तुमच्याकडे आहे.

आणि क्रीडा संपादकांना वेगळी विनंती. राज्य आणि राष्ट्रीय स्तरावरच्या मुलींच्या रग्बी सामन्यांचे निकाल ट्राय करणाऱ्यांच्या नावांसह छापा. दोन ओळी पुरतात. फोटो नाही दिलात तरी चालेल, नाव द्या. निकाल वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारी आम्ही प्रशिक्षक घेऊ.

वरच्या सगळ्या नोंदींचे कागद माझ्याकडे तयार आहेत. ज्यांना तपासायचे असेल त्यांना मी ते पाठवीन, आणि माझ्या एखाद्या आकड्यात चूक सापडली तर तीही सांगा, मी दुरुस्त करीन. त्या सामान्यज्ञान स्पर्धेच्या आयोजकांकडे मी फेरतपासणीचा अर्ज दिला आहे. तुमच्यापैकी एकाने जरी आपली नोंद सुधारून छापली, तर तो छापील कागद मी त्या अर्जाला जोडणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुलींना रग्बी शिकवणारी एक क्रीडाशिक्षिका
कोल्हापूर जिल्हा